फ्यूज बदलल्यावर दादाला काय ऐकू आलं

आमचा दादा एका जागी बूड टेकून बसलेला मी फक्त त्याच्या कारखान्यात पाहिलाय. लाउडस्पीकर बनवायचा कारखाना. तिथे एक लहानशी खोली होती, भिंतींना जाड फोम, दार लावलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा अशी. आत दादाची खुर्ची. समोर एकेक स्पीकर यायचा, त्यातून एक सूर खालून वर चढत जायचा, आधी रेड्यासारखा घूऽऽ आणि शेवटी डासासारखा ईऽऽ. मधे कुठे जरा जरी खर्र झालं, आतली तार घासली, धुळीचा कण अडकला, की दादाचा हात लाल स्टिकरकडे जायचा. लाल स्टिकर लागला की तो स्पीकर परत. तिथे कुणाचं काही चालायचं नाही. कारखान्यात त्याला 'कान'च म्हणायचे. 'कानाला विचारा', 'कान आज रजेवर आहे'. आणि आमचा हा गडी त्यावर खूश!

घरी मात्र बघवत नसे. जेवता जेवता घास ताटात टाकून उठायचा, का, तर फ्रिजच्या मागे काहीतरी थरथरतंय. फ्रिज ओढून बघावा तर खरंच एक स्क्रू सैल. मी वरच्या मजल्यावर राहते, तर माझ्या पंख्याचा आवाज खालून ऐकून हा तेलाची बाटली घेऊन वर हजर. मी म्हणायची, "दादा, अरे देवाने कान दिलेत तसं जरा स्वास्थ्यही मागून घ्यायचं होतंस." त्यावर तो नुसता हसायचा, आणि हसता हसताच पुढचा कुठला तरी खडखडाट शोधायचा.

मी कोण? मी त्याची धाकटी बहीण. गाडी चालवायला शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, "क्लच, क्लच, अहो क्लच!" म्हणून ओरडायचं, त्यामुळे माझा आवाज आणि माझं डोकं, दोन्ही कायम वरच्या पट्टीत. वहिनी अगदी उलट. ती तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोकांचे दंड धरायचे आणि सुई टोचताना म्हणायचं, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल." मोठाले बाप्ये तिच्यासमोर लेकरासारखे शांत होतात. दादाशी लग्न करून ती टिकली ती याच गुणावर, असं माझं मत होतं.

तर, दादाचं घरचं वेड म्हणजे त्याची गाण्याची सिस्टिम. समोरच्या खोलीत अँप्लिफायर, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर, आणि बरोबर मधे दोघांचा कोच. रविवारी सकाळी दादा, वहिनी आणि चष्मेवाला अशी तिघांची बैठक. चष्मेवाला म्हणजे खालच्या रस्त्यावरचं चष्म्याचं दुकान ज्याचं, तो दादाचा मित्र. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं की हे बरं?" विचारायची सवय, तीच सवय तो गाण्याच्या बाबतीतही घेऊन यायचा. केबल बदल, हे बरं की ते? स्पीकरखाली लाकडाचे ठोकळे ठेव, हे बरं की ते? एका रविवारी तो फ्यूज घेऊन आला.

फ्यूज आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत केसासारखी तार. वीज जास्त आली की तार जळते आणि यंत्र वाचतं. बाकी बिचारीला काही काम नाही. पण चष्मेवाल्याने आणला तो फ्यूज चक्क मखमली डबीत होता, अंगठी असावी तसा. काचेऐवजी पांढरी चिनी मातीची नळी, टोकांना चांदीचा मुलामा, आणि अंगावर एक छोटा बाण.

"बाण कशाला?" मी विचारलं. त्या दिवशी मी सहज खाली आले होते.

"वीज कोणत्या दिशेने जायला हवी ते कळावं म्हणून," चष्मेवाला म्हणाला.

"कुणाला कळावं? विजेला? अहो, ती घरात येते तीच मुळी सारखी इकडून तिकडे उलटत. शाळेत शिकवलं होतं की आपल्याला! ती काय थांबून बाण वाचणार आहे?"

"छोटे, गप्प बस जरा," दादा म्हणाला. त्याने अँप्लिफायर बंद केला, मागचं झाकण फिरवलं, काचेचा फ्यूज काढला, बाणवाला घातला. मग गाणं लावलं. सगळे डोळे मिटून बसले. मीही मिटले, उगाच नाटक नको म्हणून.

"आहाहा!" चष्मेवाला म्हणाला. "पडदाच बाजूला झाला!"

दादाने वहिनीकडे पाहिलं. "काय गं? पडला फरक?"

"हो की!" वहिनी म्हणाली. "किती मोकळं वाटतंय."

दादाने मान कलती करून पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, "हो. आहे खरा."

"कप्पाळ आहे!" मी म्हणाले. "मला तर काडीचा फरक वाटला नाही. तेच गाणं, तोच आवाज."

"तुझं काय सांगतेस!" दादा उसळून म्हणाला. "दिवसभर हॉर्न ऐकून तुझे कान किटलेत. तुला ट्रक आणि तंबोरा यांत फरक कळणार नाही." चष्मेवाला हसला, वहिनीने ओठावर पदर धरला, आणि मी तणतणत वर निघून गेले. त्यानंतर त्यांच्या बैठकीला मी पाय ठेवला नाही. मला काय पडली होती!

पण वरून ऐकू यायचंच. गाणं सुरू व्हायचं आणि मधेच बंद. परत सुरू, परत बंद. दोन वर्षांत त्या घरात एक गाणं सलग वाजलं असेल तर शपथ. आधी अँप्लिफायरचा फ्यूज, मग सीडी प्लेअरचा, मग भिंतीतल्या प्लगचा. चांदीचा झाला, सोन्याचा झाला, तांब्याचा झाला. बाण उलटा करून झाला. आणि प्रत्येक खेपेला दादाचा आवाज, "आता?" आणि वहिनीचं, "हो, आणखी गोड झालं." "आता गं?" "आता तर काय, बाई समोर बसून गातेय असंच वाटतंय." तो आपला उठतोय, बसतोय, झाकण काढतोय. जेवणावर लक्ष नाही. बोलता बोलता मधेच अंगठा आणि बोट कानाशी नेऊन एकमेकांवर घासायचा, आधी उजव्या कानाशी, मग डाव्या. मी विचारलं तर म्हणे, "काही नाही, खाज." खाज काय रोज येते? कानांना? पाळीपाळीने? त्याचा तो चाळा बघून माझाच जीव वरखाली व्हायला लागला होता. वहिनीला म्हटलं तर ती म्हणाली, "अगं, छंद आहे त्यांचा. रमतात ना, रमू दे." रमलेला माणूस असा दिसतो?

एका शुक्रवारी संध्याकाळी मी शेवटचा शिकाऊ सोडून त्याच्या कारखान्यावरून येत होते, तर हा फाटकाशी उभा. बगलेत खुर्चीची उशी. तीच, त्या फोमच्या खोलीतली, बसून बसून मधे खोलगट झालेली. मी गाडी थांबवली. माझ्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच आहेत, शिकवणाऱ्यासाठी. दादाला तिथे बसवणं म्हणजे शिक्षाच, कारण याचे पाय स्वस्थ राहत नाहीत. निघाल्या निघाल्या त्याने दोनदा ब्रेक दाबला.

"पाय वर घे!" मी ओरडले. "आणि ही उशी कशाला आणलीस? उसवली का?"

"सोमवारपासून मी स्टोअरला," दादा म्हणाला. "मीच मागून घेतलं. सामान मोजायचं, द्यायचं."

"का? भांडलास कुणाशी?"

"नाही गं." तो खिडकीबाहेर बघत होता. "कान गेले माझे."

मी गाडी बाजूला घेतली. मागचा रिक्षावाला शिव्या घालत गेला, घालू दे. "कोणी सांगितलं? डॉक्टरने?"

"सांगायला डॉक्टर कशाला हवा? मला फ्यूज ऐकू येत नाहीत."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग त्याने सांगितलं. पहिल्या दिवसापासून त्याला एकाही फ्यूजचा फरक ऐकू आला नव्हता. एकाही! चष्मेवाला डोलला, वहिनी डोलली, आणि हा कारखान्याचा कान असून ठोंब्यासारखा बसला होता. लाजेपोटी 'हो' म्हणाला. मग वाटलं, हा फ्यूज साधा असेल, जरा वरचा आणू, तो तरी ऐकू येईल. तोही येईना. म्हणून त्याहून वरचा. आणि तोही आला की वहिनीला सगळं ऐकू यायचं.

"म्हणजे वरचे सूर गेले," तो म्हणाला. "वय झालं की आधी वरचेच जातात. बाकीच्यांना जे ऐकू येतं ते मला येत नसेल, तर त्या खुर्चीत मी काय म्हणून बसू? गेले कित्येक महिने मी एकेक स्पीकर तीनतीनदा ऐकतोय, छोटे. स्टिकर लावतो आणि परत काढतो. वाटतं, माझ्या हातून खराब माल चालला असेल. कुणाच्या तरी घरी तो खरखरत असेल आणि लोक म्हणत असतील, कोण बहिरा बसवलाय."

"अरे पण मी सांगितलं होतं ना! मलाही काही ऐकू आलं नव्हतं!"

"तुझं सोड. तिला येतं ना."

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मी गाडी सुरू केली. पुढच्या वळणावर हा म्हणतो, "मागचं डावं चाक. बेअरिंग वाजतंय. अगदी बारीक."

"आणि म्हणे कान गेले!"

"तो खालचा आवाज आहे," दादा म्हणाला. "मी वरच्यांचं बोलतोय." यापुढे माणसाने काय करावं!

घरी आलो तेव्हा वहिनी नुकतीच लॅबमधून आली होती. दादा उशी घेऊन समोरच्या खोलीत गेला. मी वहिनीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. "वहिनी, खरं सांग. फ्यूज बदलल्यावर तुला काय ऐकू येतं?"

"अगं, मला कुठे काय कळतंय त्यातलं!" ती हसून म्हणाली. "ते इतक्या आशेने बघतात ना माझ्याकडे, नाही कसं म्हणू?"

"एकदाही नाही आलं ऐकू?"

"एकदाही नाही. पण 'हो' म्हटलं की चेहरा बघायचास त्यांचा. डोळे कसे माझ्यावर खिळतात."

मी तिला सगळं सांगितलं. उशी, स्टोअर, सोमवार, सगळं. तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. ती ओट्याला टेकली. तिचा चेहरा असा पांढरा पडला की क्षणभर मला माझ्या जिभेचीच भीती वाटली. मग ती म्हणाली, "मी सांगते त्यांना. आत्ताच सांगते," आणि मी काही म्हणायच्या आत समोरच्या खोलीत गेली.

दादा अँप्लिफायरपाशी उकिडवा बसला होता, हातात स्क्रू ड्रायव्हर. वहिनी उभ्याउभ्याच म्हणाली, "अहो, मला कधीच काही फरक ऐकू आला नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणत होते. शपथ."

दादाने वर पाहिलं आणि काय केलं असेल? हसला. प्रेमाने हसला. "छोटीने सांगितलं वाटतं तुला," तो म्हणाला. "म्हणून आता हे. मला बरं वाटावं म्हणून. अगं, सुई टोचायच्या आधी तू सगळ्यांना असंच काहीतरी सांगतेस, मला काय माहीत नाही?"

"आईशप्पथ सांगते!"

"बरं, बरं. नाही ऐकू आलं तुला. झालं?" आणि तो परत झाकण फिरवायला लागला.

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. दोन वर्षं तिचं सगळं खोटं त्याने डोळे झाकून घेतलं होतं, आणि खरं बोलली तर हा तिची समजूत काढतोय! मी चष्मेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मला आजही फरक ऐकू येतो, स्वच्छ येतो. येत असेल बाबा, त्याचे कान त्याच्याकडे. त्याचा काही उपयोग नव्हता.

"उद्या सकाळी कानांच्या डॉक्टरकडे चलायचं," मी दादासमोर उभी राहून म्हणाले. "तिचं खोटं, माझे कान किटलेले, मान्य. पण तिथल्या मशीनला तुझी काही माया नाही ना? ते काय तुला बरं वाटावं म्हणून सांगणार नाही." यावर मात्र त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "कागदावरच येईल मग सगळं." त्याला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. समजा, खरंच गेले असले तर?

दुसऱ्या दिवशी त्याला काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. बाहेर एक मुलगी मशीनशी बसली होती. मी आणि वहिनी तिच्या मागे. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त दादाचा अंगठा दिसत होता. तो दाबायचा, मग थांबायचा, थांबूनच राहायचा. वहिनीने माझा दंड धरला होता. नखं रुतत होती. "आता का नाही दाबत?" ती सारखी पुटपुटत होती. मी त्या मुलीला विचारलं, "ऐकू येत नाहीये का त्याला?" ती म्हणाली, "अहो, आत्ता आवाज दिलेलाच नाहीये." मग मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, माझ्याच्याने बघवेना.

डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, "कशासाठी आलात तुम्ही? वयाच्या मानाने उत्तम आहेत. वरचे सूरसुद्धा. पस्तिशीतल्यांचे असे नसतात हल्ली."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. "नक्की?" तो म्हणाला. "सगळ्यात वरचाही?" त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग जो काय हा माणूस सुटला! जिना दोन दोन पायऱ्या गाळत उतरला. "कारखाना! छोटे, कारखाना! शनिवार आहे, दुपारी साहेब निघून जातील." गाडीत बसल्याबरोबर त्याने ब्रेक दाबला, मी किंचाळले, तो हसला, मागे वहिनी हसतेय आणि डोळे पुसतेय. "मी बहिरा नाही गं!" तो मागे वळून तिला सांगत होता, जणू तिलाच माहीत नव्हतं. सिग्नल लागला तर हा हॉर्न वाजव म्हणाला. दादा! जन्मभर ज्याने मला हॉर्नवरून टोचून खाल्लं, तो!

कारखान्याच्या फाटकातून तो जवळजवळ पळत आत गेला. आम्ही दोघी गाडीतच बसलो. वहिनी म्हणाली, "सोमवारी मी सुट्टी घेते. त्यांना डबा मीच करून देते." मी फाटकाकडे बघत होते. मला आतून सारखं वाटत होतं की फार वेळ लागतोय.

तो आला तो चालत आला. दार उघडून बसला. पाय सीटवरच जवळ घेतले.

"फोम काढलाय," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मी उठलो आणि आज सकाळी काढलासुद्धा. आत मायक्रोफोन लावलाय. स्पीकर ठेवला की लाल दिवा नाहीतर हिरवा. साहेब म्हणाले, मशीन कधीचं घ्यायचं होतं, पण तुम्ही होतात तोवर विषय काढायची कुणाची छाती झाली नाही. गेल्या महिन्यात तुम्हीच कान गेले म्हणालात, मग आम्ही मागवलं." त्याने डॉक्टरांच्या कागदाची घडी खिशात घातली. "कागद दाखवला मी. ते म्हणाले, फार छान, अभिनंदन."

मागून वहिनी पुढे वाकली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, देतील परत. मशीनला काय तुमची सर येणार आहे? चार दिवसांत बोलावतील बघा."

"नको," दादा म्हणाला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडण्याची मला सवय आहे.

"दोन वर्षं तू माझ्या शेजारी बसून हो म्हणालीस," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुला काहीतरी सुंदर ऐकू येतंय आणि मी मागे राहिलोय. तुझ्या मांडीला मांडी लावून बसायचो आणि इतकं एकटं वाटायचं मला. एकदा म्हणाली असतीस, 'मलाही नाही हो येत', तर काय हसलो असतो आपण! तो फ्यूज खिडकीतून फेकला असता. आता तरी सांग. देतील मला खुर्ची परत?"

माझ्या मनात आलं, म्हण गं बाई काहीतरी, नेहमीसारखं, एवढ्या वेळी चालेल.

"नाही," ती म्हणाली. "नाही देणार. गेली ती. माझ्या बोलण्यामुळे गेली."

दादाने मान हलवली. मग तो रडायला लागला, मोठ्याने, फाटकातून माणसं जात-येत होती तरी. वहिनीचा हात त्याच्या खांद्यावर तसाच होता. ती त्याला रडू नका म्हणाली नाही.